हॅडलींनी सोडलेलं काम

ड्युसेलडॉर्फ, १२ मार्च १९६१

प्रिय कुसुमताईस,
वामनचा दुरूनच वाकून नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

कॉलेजच्या सुट्टीत, इथे चित्रीकरणाला आलेल्या एका इंग्रजी सिनेमात हिंदुस्थानी नोकराचं काम मिळालं होतं, ते सोडलं. दिग्दर्शक म्हणाला, "साहेबाच्या बुटांवर डोकं टेक." मी साफ नकार दिला.

"मग हॅडली तोंडाला रंग लावून करतील," तो म्हणाला. हॅडली म्हणजे वयस्कर इंग्रज नट. तीस वर्षं रंगभूमीवर आणि पडद्यावर बटलर, पाद्री, कारकून करत आलेत.

ते म्हणाले, "मी जन्मभर नोकर रंगवले, पण एकालाही लाचार केलं नाही." आणि माझ्यामागून बाहेर पडले.

संध्याकाळी त्यांच्या जागी दुसरा नट आला. मी निदान इंजिनिअर होईन. त्यांना या वयात कोण बोलावणार? माझा संताप अजून शमलेला नाही.

आईला एवढंच सांग, मी नीट जेवतो.

तुझा,
वामन