काडीच्या कमरेचं माप

१२ जानेवारी
काडीला मोठ्या शाळेत जागा मिळाली — राखीव कोट्यातून, फी माफ. त्या शाळेचे निम्मे गणवेश माझ्याच मशीनवर होतात, मग लेकीचा काय दुसऱ्या टेलरकडे टाकू? कंबर बावीस. अंगावर मांस म्हणून नाही, उगाच का नाव पडलं काडी. तरी स्कर्टच्या शिवणीत आत चार इंच माया, जास्तीचं कापड ठेवलं. तेरा वर्षांची आहे, वाढेल.

३ मार्च
एक इंच उसवून सोडला. शाळा मानवली म्हणायची!

२० एप्रिल
आणखी दीड. घरी हिचं जेवण म्हणजे चिमणीचं. मी दिलेला डबा तसाच्या तसा परत येतो. मग अंगाला लागतंय काय?

२ मे
शाळेतून कार्ड आलं. लाल शाईत — वजन जास्त. वर्गाच्या बाईंनी बोलावून घेतलं. "तुमच्या घरी तेलकट फार होत असेल, नाही?" अगदी ओठावर आलं होतं, बाई, आमच्याकडे तेलाची बाटली पुरवून पुरवून वापरतात. गिळलं. उगाच पोरीच्या जागेवर यायचं.

९ जून
काडीची उरलेली माया परवा सोडली. आज तिच्याच वर्गातल्या चौघींचे स्कर्ट आले, सगळे कमरेत आत घ्यायचे. वहीत मापं लिहिली, सहज बेरीज केली. चौघींचं मिळून चार इंच आत. पान उलटलं. काडीचं आजवर चार इंच बाहेर.
योगायोग असतो, कळतं मला. तरी दिवसभर टेपला हात लावावासा वाटेना.

२६ जून
त्या चौघींतली कुरळ्या केसांची आली, आईबरोबर. आई डॉक्टर. गेल्या वर्षी हिचा स्कर्ट मी दोनदा सैल केलेला, इतकी गुबगुबीत पोर. आज टेप गुंडाळला तर फिरतोच आहे.
"श्वास सोड गं."
"सोडलाय, मावशी."
बोटांना बरगड्या लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडत नाही. डबा तर रोज चाटूनपुसून घरी येतो."
काडी कोपऱ्यात बटणं निवडत होती. तिने मान वर केली नाही.
त्या गेल्यावर तिला समोर बसवलं. "त्यांना बारीक व्हायचंय. डबा भरलेला नेला तर घरी ओरडा बसतो. मग मी संपवते. चौघींचे." कशाला, म्हटलं. म्हणाली, "नाहीतर माझ्या बाकावर कोण बसतं?"

२७ जून
डॉक्टरीणबाईंना फोन लावला. रिंग वाजली आणि काडीने हात धरला. "मी परत एकटी बसू?" ठेवून दिला. उद्या नक्की.

४ जुलै
अजून केला नाही.

११ जुलै
शाळेला सुट्टी दिली. कुरळी गेली. प्रार्थनेला उभी होती, तिथेच कोसळली. हृदय थांबलं म्हणे.
उद्या उद्या करत मी बसून राहिले. एका फोनचं काम होतं. लाज वाटते मला माझी.

१२ जुलै
काडीला शपथ घातली — कुणाच्या डब्याला हात लावायचा नाही. हो म्हणाली.

१ ऑगस्ट
काडीचा स्कर्ट आज लागेचना. उसवायला आत कापडच उरलेलं नाही.
तिच्या दप्तरात डबा सापडला. रिकामा, चाटूनपुसून. झाकणावर कुरळीचं नाव.
"तेव्हाचा राहिला का गं?"
"नाही. आजचाच. तिची आई रोज फाटकाशी आणून देते. डबा मी संपवायचे, ते त्या तिघींनी सांगितलंय त्यांना."
"काय म्हणतात?"
"म्हणतात, 'शेवटचा घाससुद्धा ठेवू नकोस. मला तो रिकामा बघायची सवय आहे.'"