अण्णांचं व्याकरण अमेरिकेत

शॉमबर्ग, नोव्हेंबर १९८४

तीर्थरूप अण्णा,

तुमचा हात पोचणार नाही इतक्या लांबून नमस्कार.

इथे सगळं ठीक. तुमचा लेक श्रीरंग माझ्याकडेच राहतो. त्याच्या बहिऱ्या डाव्या कानाला इथल्या डॉक्टरांकडेही इलाज नाही. संस्कृतची रूपं चुकली म्हणून वडिलांनी मारलं म्हटल्यावर डॉक्टरांना ती थट्टाच वाटली.

आमच्या लायब्ररीत पाचशे वर्षांपूर्वी छापलेलं लॅटिन व्याकरणाचं पान आलंय. मूळ लिहिणारा दोनातुस, रोममधला मास्तर. पानावरच्या चित्रात मास्तर छडी घेऊन बसलेत. तुमचीच आठवण झाली. अशी पुस्तकं ढिगाने छापली, पण धड प्रत मिळणं मुश्कील. पोरांनी वापरून फाडली, उरलेली पानं बाइंडरांनी दुसऱ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत कोंबली.

तुम्ही लिहिलेलं संस्कृत व्याकरण अमेरिकेतल्या लायब्ररीत लागावं, म्हणून पाठवलंत ना? लागलं. बाइंडिंग माझ्याकडेच असतं. काल तुमची पानं कापून एका केकच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात भरली. छान घट्ट बसलीत.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? झालं नसेल तर हे पत्र तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवा. आणि एकही शब्द चुकवू नका.

तुमची,
पद्मजा