उलट्या डोंगराची कोरी पानं

३ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांनी संप पुकारला आहे असं लिहितेस. माझ्या कानांनी तर केव्हाच राजीनामा दिला. परवा नवीन यंत्र घातलं, तर शेजारच्यांचा मिक्सर स्पष्ट ऐकू येतो आणि समोरचा माणूस मात्र नुसते ओठ हलवतो. तेव्हा फोन करू नकोस, पत्रच बरं.

आज लिहितो आहे ते कामासाठी. आपल्या जुन्या प्रकाशकांची मुलगी येऊन गेली. आता सगळा कारभार तीच बघते. ‘उलट्या डोंगरा’चे पाचही भाग नव्याने छापायचे, वर ‘अभिजात बालसाहित्य’ अशी पट्टी घालायची, आणि बावीस वर्षं अडलेला सहावा भाग मी लिहून द्यायचा, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, पाळण्यावर ‘दीर्घायुषी’ लिहून पोर शंभर वर्षं जगत नाही. ती हसली असावी. ओठांवरून तरी तसं वाटलं.

खरं सांगू? मी दमलो आहे. शिडीवालीला पाचव्या भागाच्या शेवटी डोंगराच्या टोकाशी नेऊन सोडलं, तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात पुढचं लिहू. मग हिचं आजारपण आलं, मग हिचं जाणं, आणि मग नुसतीच वर्षं गेली. आता टेबलाशी बसलो की वाटतं, कोणासाठी? ज्यांनी वाचलं त्यांची मुलं कॉलेजात गेली. कौतुक करायला भेटतात ते सगळे टक्कल पडलेले. ते स्वतःच्या लहानपणावर प्रेम करतात, माझ्या पुस्तकावर नव्हे.

म्हणून तुला विचारतो. तू दर वर्षी कळवतेस की तुझ्या वाचनालयातून पाचही भाग अजून घरी जातात. मला त्या तारखांच्या कागदांच्या प्रती पाठव. हल्लीची मुलं वाचत असतील, तर लिहितो. नसतील, तर महिनाअखेर तिला नाही म्हणून कळवतो आणि पेन ठेवतो. तुझ्या शिक्क्यांवर माझा विश्वास आहे, टकलांवर नाही.

गुडघ्यांना जप. माया आहेच, ती पत्रातून दिसली नाही तरी धरून चालावी.

तुझा,
दादा

---

११ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. घरी काढते, वाचते, परत ठेवते. आज टेबलावर गर्दी नाही, म्हणून धीर करून लिहिते.

दादा, ते शिक्के खोटे आहेत.

आमच्याकडे नियम आहे की तीन वर्षांत जे पुस्तक एकदाही घरी गेलं नाही ते बाद यादीत जातं. यादीतली पुस्तकं गठ्ठ्यात, आणि गठ्ठे लगद्याला. सहा वर्षांपूर्वी संगणकाने पहिली यादी काढली. त्यात पाचही ‘उलटे डोंगर’ ओळीने उभे होते. मी चौतीस वर्षं या टेबलावर आहे, एका दिवसाचा उशीर कोणाला माफ केलेला नाही. त्या दिवशी मात्र दार लोटून घेतलं, पाचही भाग माझ्याच कार्डावर चढवले, पहिल्या पानासमोरच्या कागदावर शिक्के मारले आणि तासाभराने परत आले म्हणून नोंदवले. तेव्हापासून दर डिसेंबरला वरच्या मजल्यावर बालविभाग सांभाळणाऱ्या बाईंना पुस्तकं खाली आणायला सांगते आणि हाच उद्योग करते. आत उघडून मात्र बघत नाही. बघवत नाही.

झाकली मूठ झाकलीच राहिली असती. पण मी मेमध्ये निवृत्त होते आहे, आणि तू त्या शिक्क्यांवर सहावा भाग उभा करायला निघालास. तुला फसवून लिहायला लावलं असतं तर मला झोप लागली नसती. आणि खरं कळवल्यावर तू पेन ठेवशील, म्हणून आताही लागत नाही.

तू विसरला असशील, मी नाही. आठ वर्षांची होते, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. तू कॉलेजातून यायचास, माझ्या खाटेच्या कडेला बसायचास आणि आभाळाला उलटा टांगलेला डोंगर सांगायचास. शिडीवाली म्हणजे मीच होते ना? मग मला बावीस वर्षं शिडीवर उभं करून तू कुठे निघून गेलास? हे विचारायचा मला आता हक्क नाही, तरी विचारते.

रागाव, पण लिही. लोभ कमी झाला असेल तर तेवढाही चालेल.

तुझी,
ठकू

---

१९ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. रागवायलाही अंगात त्राण लागतं.

वाईट मात्र वाटलं, ते सांगून टाकतो. सहा वर्षं दर जानेवारीला तुझं पत्र आलं की मी त्या दिवशी लांब फिरायला जायचो. पार पुलापर्यंत. आपलं काहीतरी अजून कोणाच्या तरी दप्तरात आहे, एवढ्या एका गोष्टीवर ती पायपीट व्हायची. आता कळलं की ते दप्तर तुझंच होतं. तू हे मायेनेच केलंस, म्हणून तुला बोलही लावता येत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

असो. उत्तर मिळालं. शिडीवाली तूच होतीस, आणि तू आता आजी झालीस. गोष्ट जिच्यासाठी होती तिच्यापर्यंत पोचली, इतरांनी वाचायलाच हवी असा काही कायदा नाही. प्रकाशकांच्या मुलीला महिनाअखेर कळवतो.

तू एक कर. निवृत्त होताना खोटी नोंद मागे ठेवू नकोस. पाचही भाग यादीत घाल. चौतीस वर्षांची तुझी अब्रू माझ्या पाच पुस्तकांपेक्षा मोठी आहे. माझ्याकडे एकही प्रत उरलेली नाही, सगळ्या वाटल्या. पण मला पाठवूही नकोस. बघवणार नाहीत.

आज एवढंच. आशीर्वाद नेहमीचेच.

दादा

---

२७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्रकाशकांच्या मुलीला अजून काही कळवलं नसशील तर थांब. कळवलं असशील तर ताबडतोब फिरव. हे पत्र मी बालविभागात, लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून लिहिते आहे. उठताना कोणाला तरी हाक मारावी लागणार आहे.

तू सांगितलंस तसं पुस्तकं यादीत घालायला निघाले. वरच्या बाई गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या, तेव्हा जिना मलाच चढावा लागला. चौदा पायऱ्या. पाच वर्षांत मी वर गेले नव्हते. मध्ये दोनदा बसले.

कपाटाशी गेले तर पाचही भागांच्या पाठीवर लाल पट्टी. दादा, लाल पट्टी म्हणजे पुस्तक घरी न्यायचं नाही, इथेच बसून वाचायचं. आणि ती पट्टी मीच लावली होती! अकरा वर्षांपूर्वी तिसरा भाग हरवला. बाजारात मिळेना, म्हणून मी माझी प्रत, ‘ठकूस’ असं तू लिहून दिलेली, कपाटात ठेवली आणि पुन्हा हरवू नये म्हणून पाचांनाही लाल पट्ट्या चिकटवल्या. स्वतःच दार लावून घेतलं आणि वर रडत बसले की कोणी बाहेर का जात नाही. संगणकाला पट्टी कळत नाही, हे समजण्यासारखं आहे. दर डिसेंबरला पुस्तकं हातात घेऊनही मला का कळलं नाही?

मग मी पुस्तकं उघडली. कोपरे बोटांनी काळे झालेत. दुसऱ्या भागाची शिवण नवी आहे, तिसऱ्याचीही. आमच्या बाइंडरला बोलावून घेतलं. तो म्हणाला की ही पुस्तकं वरच्या बाई त्याच्याकडे दर दोन वर्षांनी पाठवतात, आणि नुसत्या शिक्क्याने पुस्तकाची शिवण उसवत नाही, एवढं तुम्हाला कळायला हवं होतं. वर म्हणाला की पाचव्याला शेवटी कोरी पानं लागतात, ती त्याने दोनदा वाढवून दिली आहेत.

कोरी कशाला, म्हणून मी शेवट उघडला. एकही पान कोरं नव्हतं.

पोरांनी पेन्सिलीने पुढची गोष्ट लिहिली आहे. एकाने चार ओळी, दुसऱ्याने दहा, मग तिसऱ्याने. मी एकोणीस निरनिराळी अक्षरं मोजली आणि मग मोजणं सोडलं. शिडीवालीला दार सापडलंय. दाराला कडी होती की साखळी, यावर दीड पान भांडण आहे. एकाने खालून वर पडणाऱ्या धबधब्याचं चित्र काढलंय, ते तुझ्या चित्रकारापेक्षा बरं आहे. आणि एका पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलंय, की लेखक आजोबा बहुतेक मेले असतील, तर आपणच पूर्ण करू. शेवटची तारीख गेल्या महिन्यातली आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दादा. शाईच्या एका टिंबासाठी पोरांना रडवणारी मी, ती पानं हातात धरून भर बालविभागात रडले. समोर बसलेल्या मुलीने पुस्तकातून डोकं वर काढून मला गप्प बसायला सांगितलं. बरोबरच आहे, तशी पाटी मीच लावली आहे.

वरिष्ठांना खोट्या शिक्क्यांचं सगळं लिहून देते आहे. जे होईल ते होवो.

तू जिवंत असल्याचं मुलांना कळवू का? लोभ असेलच, आता मला शंका नाही.

ठकू

---

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मेल्याची बातमी स्वतःच्या पुस्तकात वाचायला नशीब लागतं. अजून कळवू नकोस. मेलेल्या लेखकाला निदान कोणी तगादा लावत नाही.

प्रकाशकांच्या मुलीला पत्र टाकलं नव्हतं. लिहून ठेवलं होतं, पण पेटीपर्यंत जायचा कंटाळा केला. आळसाने माझं भलं केल्याची ही पहिलीच खेप. तिच्याकडून थोडी मुदत मागून घेतली.

पण ठकू, मला लिहायला जमेल असं वाटत नाही. चार दिवस बसलो. एकच वाक्य निघालं. ते खाली देतो. पेन्सिलीने, लहान अक्षरात, मुलांच्या शेवटच्या ओळीखाली लिही. माझं नाव घालू नकोस. बघू, कोणी पुढे नेतं का. नेलं नाही तर समज की मीच गोष्ट संपवली, शांतपणे.

वाक्य असं: ‘शिडीवालीने खाली पाहिलं, ती फार दमली होती, मग ती एकेक पायरी उतरून मुकाट्याने घरी गेली.’

वरिष्ठ काय म्हणाले ते लिही. काळजी वाटते.

दादा

---

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वरिष्ठांनी दोन पानी खरमरीत ताकीद दिली आणि सहा वर्षांच्या नोंदी माझ्या हाताने दुरुस्त करून घेतल्या. निवृत्तीच्या सत्कारात आता भाषण आटोपशीर होईल. मला हलकं वाटतंय.

तुझं वाक्य तू सांगितलंस तसं लिहिलं. आठव्या दिवशी जिना चढून बघून आले.

दादा, तुला वाईट वाटेल, पण जसंच्या तसं कळवते. कोणीतरी ते वाक्य पट्टी धरून खोडलं आहे. दोन रेघा. आणि खाली लिहिलं आहे:

‘चूक. ती उतरणार नाही. तिने दुसऱ्या भागात वटवाघळाला शब्द दिला आहे. आधी मागचं नीट वाचा आणि मग लिहा.’

आमच्याकडे पुस्तकात खाडाखोड करणाऱ्याला महिनाभर बंदी असते. हे कोणी केलं ते मी शोधणार नाही.

उत्तराची वाट बघते. आणि तुझीही.

ठकू

---

२१ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतो आहे. वटवाघळाला शब्द दिला होता? कसला? उलट्या डोंगरावर एकट्या वटवाघळाला सगळं सुलटं दिसतं, एवढं आठवतं. शब्दाचं काही केल्या आठवत नाही. मी लिहिलं, आणि मलाच माहीत नाही! त्या पोराला माहीत आहे.

प्रकाशकांच्या मुलीला कळवलं की मुखपृष्ठावर ती अभिजात पट्टी नको, पण पाचव्या भागाच्या शेवटी भरपूर कोरी पानं हवीत. सहाव्याचं विचारते आहे. तिला काय सांगू? आधी मागचं नीट वाचायला हवं.

दुसरा भाग पाठव. लवकर.

दादा

---

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत दुसरा भाग पाठवते आहे. पाठीवरची लाल पट्टी वाफेवर धरून मी स्वतः काढली, पाचांचीही काढली. आज सकाळी टेबल उघडल्यावर पहिलं काम हेच केलं.

पुस्तक तुझ्या नावावर चढवलं आहे आणि शिक्का मारला आहे. खरा आहे, निरखून बघ.

भाऊ म्हणून सवलत मिळणार नाही. पंधरा दिवसांत परत कर. मागे तिघांनी नंबर लावला आहे.

तुझी,
ठकू