अर्ध्या तासाची तहकुबी

प्रिय नंदू,

तू बडोद्याला गेल्यापासून आपलं सगळं फोनवरच भागलं. आज मात्र कागद घेऊन बसलोय. आधी खुशाली: तुझी आई, आमची द्रौपदीमावशी, ठणठणीत आहे. सकाळी सातला गेटजवळच्या ओट्यावर तिची सुक्या मासळीची टोपली लागते, आणि बोंबलांचा भाव पाडून मागणाऱ्याला ती अजूनही अख्ख्या मुलुंड बाजाराला ऐकू जाईल अशी झाडते.

पण येत्या सोमवारी तो ओटा तुटणार आहे. परवाच्या रविवारी सोसायटीच्या सभेत ठराव झाला. गेट रुंद करायचं, गाड्या आत घ्यायच्या. कंत्राटदाराने ओट्याभोवती लाल रेघही मारलीय. मावशीला वाटतंय, गेट रंगवायला काढलंय. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सभा कशी झाली ते ऐक. कोरमला वीस सभासद हवेत, मला धरून सतरा आले. त्यातले दहा आपले जुने, मावशीच्या बाजूचे. खोली तुझ्या नावावर, म्हणून तिला स्वतःला मत नाही; ती जिन्यापाशी तोंडाला पदर लावून उभी होती. सचिव म्हणून मी जाहीर केलं, कोरम नाही, सभा तहकूब. आता नियम असा की तहकूब सभा अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरते आणि असतील तेवढ्यांत ठराव होतो. सहा नव्या सभासदांना तो पाठ होता. जुन्यांना वाटलं, संपली सभा. रतनकाका तर "सुटलो रे बाबा" म्हणत घरी गेले. मावशीने मला विचारलं, "काय झाला रे अनिरुद्धा?" मी म्हटलं, "तहकूब झाली, मावशी." खोटं नव्हतं रे. पण पुढचं वाक्य मी गिळलं. तिने खुशीत बोंबील कागदात बांधून माझ्या हातात कोंबले, "सुनेक दी."

अर्ध्या तासाने सहा हात वर झाले. सातवा माझा.

माझी गाडी दोन वर्षं रस्त्यावर उभी असते, नंदू. एवढंच कारण. दुसरं बरंच शोधलं, सापडत नाही. लहानपणी माझी आई दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर माझं ताट तुझ्या ताटाशेजारी लागायचं, आणि मोठी तुकडी माझ्या ताटात पडते म्हणून तू भांडायचास. मला लाज वाटते. ते बोंबील अजून तसेच बांधलेले आहेत. घरभर वास सुटलाय, बायको रोज विचारते, मी करू देत नाही.

येत्या रविवारी सकाळी मी पुन्हा सभा बोलावलीय. दहाही जुन्यांना दारोदार जाऊन सांगेन, उठून जाऊ नका. तू सभासद आहेस, तू ये. मी स्वतःच सगळं कबूल करेन असं आत्ता वाटतं, पण मी मला ओळखतो. ते सहा जण समोर बसले की माझी दातखीळ बसेल. फोनवर सांगितलं असतं, तर उद्या म्हणालो असतो, मी असं बोललोच नाही. म्हणून लिहून देतोय. खाली सही आहे, शेजारी सोसायटीचा शिक्काही मारलाय. सभेत उभा राहून हे मोठ्याने वाच. मावशी जिन्यापाशी असेल, तिलाही ऐकू जाऊ दे.

हे वाचूनही म्हणू देशील तर, तुझाच,
अनिरुद्ध