शेजारच्या बाई

गोखिवरे, वसई (पूर्व)
६ जानेवारी २००२

प्रिय विनितामावशी,
साष्टांग नमस्कार. तुझं पत्र आणि तिळगूळ दोन्ही पोचलं. इस्लामपुरात थंडी असेल, इथे अजिबात नाही. बाबांचा कारखाना घरापासून जवळ आहे, त्यामुळे ते दुपारी जेवायला घरी येतात. माझा सहामाहीत वर्गात पाचवा नंबर आला. गणितात मात्र कमी पडले.

तू विचारलंस, शाळेत रमलीस का. आता रमलेय. पहिल्या दिवशी मी बाईंना म्हणाले, "मी कालच गावाकडनं आलो." झालं! सगळा वर्ग हसला. "ही मुलगा आहे का?" म्हणाले. मग मला 'घाटी' नाव पडलं. तुला कळवलं नव्हतं, तू काळजी करशील म्हणून.

अजून एक गोष्ट कळवली नाही. ती आता लिहिते.

डिसेंबरात पालकसभा होती. बाबांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्या आल्या, बाबांची नवी बायको सालोमी. दवाखान्यातून तशाच आल्या होत्या, नर्सच्या पांढऱ्या साडीत, गळ्यात क्रूस. घरी मी त्यांना कसलीच हाक मारत नव्हते, नुसतं 'अहो' म्हणायचे. बाईंनी विचारलं, "अनुष्का, या कोण तुझ्या?" सगळ्या मुली बघत होत्या. मी म्हणाले, "शेजारच्या बाई आहेत."

त्यांनी ऐकलं. बाईंना एवढंच म्हणाल्या, "तिच्या वडिलांना जमलं नाही, म्हणून मी आले." शेवटच्या बाकावर बसून माझ्या गणिताबद्दल बाई जे जे बोलल्या ते सगळं त्यांनी लिहून घेतलं. घरी येताना रागावल्या नाहीत. "भूक लागली का गं?" असं विचारलं. मावशी, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नाताळच्या आधीच्या रविवारी आम्ही गासला त्यांच्या माहेरी गेलो. त्यांच्या आई, लूर्डस आजी, मैद्याचे गोल फुगे तळत होत्या. त्यांची घरची बोली मला कळेना. मी म्हणाले, "आजी, मी लई दमलो," तर त्या खळखळून हसल्या. माझे डोळे भरून आले. मी उठून मागच्या केळीत गेले.

सालोमी माझ्या मागून आल्या. म्हणाल्या, "अगं, ती तुला हसत नाही. तिला गोड वाटलं तुझं बोलणं. मी पहिलीत होते ना, तेव्हा घरचं बोलले की वर्गात मुलं हसायची. मग वर्षभर मी तोंडच उघडलं नाही. तू तसं नको करूस."

मी रडत म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले."

"माहितेय. आई म्हणायचं तेव्हा म्हण. नाही म्हणालीस तरी डबा मिळेलच."

मला रडता रडता हसू आलं.

सोमवारी मी मधल्या सुट्टीत एकटीच बाईंकडे गेले. सांगितलं, "त्या शेजारच्या नाहीत. माझी आई आहे. पहिली आई वारली." बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दारात दोन मुली ऐकत होत्या, पण मी थांबले नाही.

मावशी, निघताना एसटीच्या खिडकीतून हात घालून तू मला म्हणाली होतीस, "तिला आई म्हणायचं नाही, ताईची शपथ आहे." मी हो म्हणाले होते. ती शपथ मी मोडली. तू रडशील हे माहीत आहे. पण आई गेल्यावर तीन वर्षं तू माझ्या वेण्या घातल्यास, तापात कुशीत घेऊन बसलीस, त्यातलं काहीच कमी झालेलं नाही. तू इतकी माया केलीस म्हणूनच मला दुसऱ्या कुणाची माया ओळखता आली, असं मला वाटतं.

ही आई म्हणते, मे महिन्यात मावशीला बोलाव. बाबांच्या लग्नाला आली नाहीस, निदान आता ये. आणि रागावली असलीस तरी दोन ओळी लिही. हे पत्र शाळेच्या भाषेत लिहिलंय, पण तू आलीस की मी 'आलो, गेलो' असंच बोलणार.

तुझ्या ताईची, आणि सालोमीआईचीही,
अनुष्का