चेहऱ्याकडे बघू नकोस

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
मुंगीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पायांची सूज उतरली असं लिहिलंस, पण अक्षर ओळीखाली घसरलंय, त्यावरून समजायचं ते समजले. गोळ्या वेळेवर घे. जन्मभर दुसऱ्यांना गोळ्या गिळायला लावून स्वतःच्या उशीखाली दडवणारी नर्स मी तुझ्याशिवाय पाहिली नाही.

माझी बदली तातडीच्या विभागात झाली आहे. माझी उंची बघून मोठ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी एक लाकडी स्टूल माझ्या नावे केलं. कुणाचं हृदय थांबलं की आधी स्टूल सरकवतात, मग मला हाक मारतात. त्यावर चढून छाती दाबायची, दमले की दुसरीने चढायचं, मग परत मी. माझ्या हाताखालून अजून कुणी परत आलेलं नाही. काल एक बसचालक होता. त्याच्या बायकोने मला बाहेर गाठून विचारलं, की दाबताना त्यांना दुखलं का. मी नाही म्हणाले. मावशी, त्याची बरगडी माझ्या तळव्याखाली मोडली होती. तो आवाज अजून हातात आहे.

चहा पिताना बरोबरीच्या मुली म्हणाल्या, ही पांढऱ्या पायाची, हिला स्टूलवर चढू देऊ नका. थट्टाच होती, मीही हसले. घरी येऊन जेवले मात्र नाही.

तू इतकी वर्षं कशी टिकलीस ते लिही. तुझ्या मायेवर लहानपणापासून हक्क सांगणारी,

मुंगी


दि. ११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

त्या मुलींना माझा निरोप सांग, पाय पांढरे असोत नाहीतर काळे, दाबायचं काम हातांनी होतं. आणि जेवण टाकू नकोस. उपाशी मुंगी स्टूलवरून पडली तर तिला उचलायला आणखी एक स्टूल लागेल.

बहुतेक जण परत येत नाहीत, बाई. ती माणसं आधीच उंबऱ्याबाहेर पडलेली असतात. आपण फक्त मागून हाका मारतो. एखाद्याला ऐकू येते.

कोपरं सरळ ठेव, जोर खांद्यातून येऊ दे, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ दे. आणि चेहऱ्याकडे बघू नकोस. नजर छातीच्या मधल्या हाडावर. चेहरा दिसला की समोरचा माणूस कुणाचा तरी बाप होतो, कुणाची तरी बायको होते, आणि हात ढिले पडतात. माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलीला मी हे सांगत आले.

आता माझं. हृदय जुन्या पिशवीसारखं सैल झालंय, शिवायला धड कापड उरलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते थांबेल तेव्हा थांबू दे. माझी छाती कुणी दाबायची नाही. शाळा सुटल्यावर तू वॉर्डात माझ्यापाशी येऊन बसायचीस, तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर एक शिंपीणबाई असायची, आठवते? तिला आम्ही परत आणलं तेव्हा वॉर्डभर टाळ्या वाजल्या. मग ती नुसते डोळे उघडे ठेवून पडून राहिली. लेक आधी रोज यायची, मग रविवारी, मग यायचीच बंद झाली. मला ते नको. डॉक्टर म्हणतात, जवळच्या माणसाने तसं सांगायला हवं. तुझी आई गेल्यापासून मला तू आणि तुला मी. तेव्हा ‘हो’ एवढंच लिही. ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण ज्याने केली, त्याने एकाही मावशीला विचारलेलं नव्हतं.

फोनवर विचारत नाही. फोनवर तू बरं बरं म्हणतेस आणि दुसऱ्याच विषयावर उडी मारतेस.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी मावशी


दि. २० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

एक जण परत आला. एक गवंडी, कामावरच कोसळलेला. मी तू सांगितलंस तसंच केलं, हाडावरून नजर हलू दिली नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी स्वतःच्या शर्टाची चौकशी केली. आम्ही तो कात्रीने कापला होता. नवा होता म्हणे. जीव वाचला त्याचं काही नाही, शर्टावरून त्याने मला असं फैलावर घेतलं की मी हसत हसत रडले. मुलींनी मला पांढऱ्या पायांची माफी दिली.

परवा औषधाची काचेची कुपी फोडताना अंगठा कापला. तुझ्या अंगठ्यावर आहे तसाच वाकडा वण राहणार. आता आपल्या दोघींची खूण एकच.

सूज कशी आहे? डॉक्टरांकडे पुन्हा गेलीस का? इकडे बाकी सगळं ठीक. कामावर जायची वेळ झाली म्हणून इथेच थांबते. राग धरू नकोस.

मुंगी


दि. २७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

गवंड्याचं वाचून आनंद झाला. त्याचं बरोबर आहे, शर्ट बटणं काढूनही उघडता येतो.

सगळं लिहिलंस, माझ्या प्रश्नाला मात्र बगल दिलीस. कामावर जायची घाई म्हणे. शाळेत असतानाही गणित अडलं की तुला हटकून तहान लागायची.

म्हणून सोमवारी सकाळच्या बसने मीच येते. तुझ्या जेवणाच्या सुट्टीत तुमच्या इस्पितळातल्या डॉक्टरांसमोर दोघी बसू आणि तिथे तुझ्याकडून वदवून घेईन. रडवणार नाही. तू फक्त हो म्हणायचंस, मग आपण पोटभर जेवू.

हट्टी आहे, पण तुझीच,
मावशी


दि. ३० एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी पत्र लिहितेय. समोर बसून बोलायला गेले की तुझे डोळे छताला लागलेले असतात आणि मी तुझी चादरच नीट करत बसते.

तू येणार हे मला माहीत नव्हतं. तुझं पत्र मंगळवारी पोचलं.

सोमवारी आमच्या दारातल्या पायऱ्यांवर एक म्हातारी कोसळली म्हणून स्ट्रेचर आत आलं. स्टूल सरकलं, हाक आली, मी चढले आणि हाडाकडे पाहिलं. चेहऱ्यावर श्वास देण्याचा मास्क होता. तो नसता तरी मी पाहिलं नसतं. कोपरं सरळ ठेवली. दमले, उतरले, दुसरी चढली. स्ट्रेचरखाली लोंबणारा हात वर ठेवायला म्हणून मी तो उचलला आणि अंगठ्यावरचा वण पाहिला.

डॉक्टरांनी विचारलं, हिचं कुणी आहे का. सगळ्या जणी दाराकडे बघायला लागल्या. मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते तू आधीच माझ्या तोंडात घालून ठेवलं होतंस. मी बोलले नाही. माझी पाळी आल्यावर पुन्हा स्टूलवर चढले. या वेळी चेहऱ्याकडे बघत दाबलं. हात ढिले पडले नाहीत, मावशी. तेवढं तू चुकीचं शिकवलंस.

नाडी लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी ती म्हण खरी करून दाखवली. मावशीला विचारलं नव्हतं, असं म्हणायचीही मला सोय नाही.

तुला माझ्या घरी आणल्यापासून दिवसभर एक बाई तुझ्याजवळ असते, संध्याकाळी मी. तुला कुशीवर वळवते, नळीने भरवते, अंग पुसते. पाठीला अजून जखम नाही, हे पाहून तू मला शाबासकी दिली असतीस. मोठ्या सिस्टर आधी रोज डोकवायच्या, आता रविवारी येतात. डॉक्टर म्हणतात, हृदय वाटलं होतं त्याहून चिवट निघालं. ते हे कौतुकाने सांगतात. परवा तुझं अंग पुसताना माझ्या लक्षात आलं, की हल्ली मी तुझ्या चेहऱ्याकडे बघतच नाही. मानेखालून सुरुवात करते.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर, हो. आज डॉक्टरांनाही सांगून आले. यापुढे ते थांबलं तर कुणी हात लावणार नाही. मीही नाही.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही, म्हणून मागत नाही. हे पत्र टपालात टाकायचं नाही. उद्या सकाळी तुझ्या खाटेशी स्टूल ओढून तुला वाचून दाखवीन. ‘हो’ या शब्दापाशी थोडी थांबेन, आणि तिथे तुझ्या चेहऱ्याकडे बघेन.

मुंगी