दिवस मावळल्यावरचा चहा

कोगनोळी, ४ डिसेंबर २०२३

चि. अनुराधास जय जिनेंद्र, अनेक आशीर्वाद.

फोनवर सासूबाई कान देऊन बसतात, म्हणून पत्र. बेळगावच्या त्याच पतसंस्थेनं तुला मुलाखतीला बोलावलंय हे ऐकून मी लई जळले, उगं गोड कशाला बोलू? मला नाकारलं तिथंच धाकटी बहीण निघाली, मग घास गोड लागंल व्हय?

तरी थोरली म्हणून सांगते. नखं काप. बस म्हटल्याशिवाय बसू नकोस. कानडीत विचारलं तर कानडीतच बोल. आणि उशीर होऊन चहा पुढं आला तर मुकाट्यानं पी. दिवस मावळल्यावर तोंडात काही न घालण्याचा आपला नेम मी पाळला, कप मागं सारला, आणि त्या चहानंच माझी नोकरी घालवली. सगळ्या पावण्यांना ठाऊक आहे. माझी निळी इरकल पाठवतेय, डाग पाडू नकोस.

जळूनही तुझीच,
राजमतीआक्का

शहापूर, बेळगाव, १४ डिसेंबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

नोकरी लागली गं! माझा नंबर येईतो दिवे लागले होते. चहा आला. तुझं ऐकून कप उचलला, पण ओठाला लाववेना. शेवटी हात जोडून सांगितलं, दिवस मावळल्यावर आम्ही काही घेत न्हाय. साहेबांनी कपावर बशी झाकली आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कशी बोलशील म्हणून विचारलं. आधी त्याचं सगळं ऐकून घेईन म्हटलं. चहाचा विषय तिथंच संपला.

मग तुझ्या वेळी काय बिनसलं असंल गं? पेढे पाठवलेत. लोभ राहू दे, जळणं जरा कमी कर.

तुझी,
अनू

कोगनोळी, १९ डिसेंबर

चि. अनूस आशीर्वाद.

पेढे गल्लीत वाटले, मी एकही खाल्ला न्हाय. नोकरी मिळवलीस त्याचं एवढं न्हाय, पण माझं कारण घेऊन गेलीस त्याचं लई लागलं. आठ वर्षं चहावर ढकलून मी सुखात होते. परवा ह्यांच्यापुढं तेच बोलायला गेले, तर ते नुसते हसले. आता काय सांगू मी लोकांना?

दोन दिवस तुझ्या नावानं भांडी आपटली. मग डोकं शांत झालं. तुमच्यात पुन्हा जागा निघाली की आधी मला कळव. आणि माझी साडी धुऊन, इस्त्री करून पाठव. मला लागणार आहे.

लोभ आहे, जळणंही आहे.
आक्का